डायरी घरातल्यांपासून खाजगी ठेवायची तर काय करता?

निळीशाई
सोमवार, रात्री १०:४२

डायरी लिहिणाऱ्यांना विचारायचं आहे. ती घरातल्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून तुम्ही नेमकं काय करता?

मी शाळेत असल्यापासून लिहिते. माहेर नारायण पेठेतलं, दोन खोल्या आणि आम्ही सहाजण. वही उघड्या फडताळात असायची, पण तिला कोणी हात लावत नसे. आईचा तसा दंडकच होता. आता सिंहगड रोडला मोठा फ्लॅट आहे, माणसं पाचच, आणि वही कुठे ठेवावी ते सुचत नाही.

झालं ते थोडक्यात सांगते. नणंद राहायला आली होती. चादरी काढताना कपाटात तिला माझी वही दिसली आणि तिने ती वाचली. वाईट हेतू नव्हता असं ती म्हणते आणि ते मला पटतं. पण जेवताना, सासूबाई समोर असताना, तिने विचारलं, "वहिनी, तुला आमच्या घरात एवढं गुदमरायला होतं?" ते वाक्य मी एका वाईट संध्याकाळी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, छे, तसं काही नाही. आणि दोन्ही वेळी मी खरंच बोलत असते.

तेव्हापासून लिहिणं चालू आहे, पण लिखाण बदललं. "आईंनी भाजी चव न घेताच बाजूला सारली" असं लिहायला बसते आणि कागदावर उतरतं, "आज भाजीवरून थोडं झालं." नावं गाळते. राग लिहिला की लगेच पुढे "पण त्यांचंही बरोबर आहे" असं जोडते. मला तसं वाटत नसतं. कोणी वाचलंच तर असू दे, म्हणून ते जोडलेलं असतं. रात्री वाचून पाहिलं तर ते लिखाण माझं वाटतच नाही, कोणीतरी समजूतदार सून लिहिते आहे असं वाटतं. त्या वहीचा मला उपयोग नाही.

कुलूप हवंय ते एवढ्यासाठी. माझ्याकडे लपवण्यासारखं मोठं काही नाही. खरं लिहिता यावं इतकंच.

हाताने लिहायला आवडतं, पण मोबाइलची सवय करायला हरकत नाही. कपाटाचा लॉकर सासूबाईही वापरतात. नवरा म्हणतो, "मी वाचत नाही ना, मग झालं." तो खरंच वाचत नाही. पण घरात तो एकटा नाही.

पेठेतला
सोमवार, रात्री ११:०५

बोहरी आळीत पत्र्याच्या छोट्या कुलूपवाल्या पेट्या मिळतात, दुकानदार गल्ल्यासाठी वापरतात त्या. एक वही आरामात बसते. किल्ली तुमच्या जुडग्यात. मी असाच ठेवतो.

रुक्मिणीमावशी
सोमवार, रात्री ११:२०

राग मानू नका, पण मला हे पटत नाही. एका घरात राहायचं, एका ताटात जेवायचं आणि एकमेकांपासून वह्या कुलपात ठेवायच्या? मनात असेल ते बोलून मोकळं व्हावं. नणंदेने निदान तोंडावर विचारलं, मनात तर ठेवलं नाही. आमच्या वेळी असलं काही नव्हतं आणि आमचं काही अडलं नाही. कुलूप दिसलं की घरच्यांना वाटणारच, आपल्याविषयी काहीतरी लिहिलं आहे.

निळीशाई
सोमवार, रात्री ११:४१

पेठेतला, धन्यवाद. पेटी बघते.

मावशी, राग अजिबात नाही. पण बोलण्यासारखं काय आणि नुसतं येऊन जाणारं काय, हे मला लिहिल्यावरच कळतं. दहा गोष्टी लिहिते त्यातल्या आठ लिहूनच संपतात. उरलेल्या दोन मी खरंच बोलते, आणि नीट बोलते, आवाज न चढवता. वही नसती तर दहाच्या दहा तोंडातून बाहेर पडल्या असत्या. घरात शांतता आहे त्यात त्या वहीचा वाटा आहे, हे मी घरात कोणाला पटवून देऊ शकत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

कॉटबेसिस
मंगळवार, रात्री १२:१५

ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे. मी सदाशिव पेठेत राहतो, एमपीएससी करतोय. एका खोलीत तीन कॉट, एकच कपाट, अभ्यासिकेत टेबलाखाली एक खण. पूर्व परीक्षेचा निकाल लागला की जे मनात येतं ते गावी सांगता येत नाही आणि रूमवर तर मुळीच नाही, कारण तिघांचेही निकाल त्याच दिवशी लागतात. म्हणून फोनमध्ये लिहितो.

पण फोनचा एक धडा सांगतो. नोट्सच्या ॲपला लॉक होतं, सगळं व्यवस्थित. एकदा रूममेटने त्याच्या घरी मेसेज करायला माझा फोन घेतला. त्याने "मला" टाइप केलं आणि कीबोर्डने वरच्या पट्टीत पुढचे शब्द सुचवले, "आता", "हे", "जमणार". पुढे "नाही" पण आलं. तो काही बोलला नाही, फोन परत देताना खांद्यावर हात ठेवला फक्त. मी रोज रात्री काय लिहितो ते कीबोर्ड शिकून बसला होता.

जीबोर्ड, म्हणजे गुगलचा कीबोर्ड, असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये शिकलेले शब्द पुसायची सोय आहे आणि पुढे शिकू नको असंही सांगता येतं. ॲपला कुलूप लावलं तरी कीबोर्ड सगळ्या ॲपना एकच असतो हे कोणी सांगत नाही.

बाणेरकर
मंगळवार, सकाळी ९:३०

कीबोर्डची गोष्ट अगदी मोलाची. माझं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"लॉक" या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. एक म्हणजे ॲपच्या दारावरचा पिन. तो फक्त पडदा झाकतो. आतला मजकूर फोनमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरवर वाचता येईल अशाच रूपात असू शकतो. दुसरं म्हणजे एंड टू एंड एन्क्रिप्शन. त्यात मजकूर तुमच्या फोनमध्येच सांकेतिक होतो आणि मगच बाहेर जातो, उलगडायची किल्ली फक्त तुमच्याकडे. स्टँडर्ड नोट्स, जोपलिन, डे वन यांत ही सोय आहे. जोपलिनमध्ये ती आपण मुद्दाम चालू करावी लागते. किल्ली विसरलात तर कंपनीही मजकूर परत देऊ शकत नाही, म्हणून पासवर्ड कागदावर लिहून दुसरीकडे ठेवा, वहीच्या शेजारी नको.

पण घरातल्या माणसांपासून जपायचं असेल तर धोका सर्व्हरवर नसतो, सोफ्यावर असतो. तिथे या गोष्टी बघा:

फोनमध्ये कोणाकोणाच्या बोटांचे ठसे नोंदवलेत ते आधी तपासा. फोन नवीन घेतल्यावर नवऱ्याचं किंवा मुलाचं बोट "असू दे सोयीला" म्हणून घातलेलं असतं आणि मग सगळेच विसरतात. बरीच ॲप तोच ठसा चालवून घेतात. डायरीला ठशाऐवजी वेगळा पासवर्ड ठेवा. झोपलेल्या माणसाचं बोटही फोनवर टेकवता येतं.

आयफोनच्या नोट्समध्ये एखादी नोट लॉक केली तरी तिचं शीर्षक यादीत दिसत राहतं, आणि शीर्षक म्हणजे तुम्ही लिहिलेली पहिली ओळ. तेव्हा पहिल्या ओळीत नुसती तारीख टाका.

स्वतःलाच व्हॉट्सॲप करणारे खूप आहेत. घरातल्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप जोडलेलं असेल तर ते सगळं तिथे मोठ्या पडद्यावर आहे. लिंक्ड डिव्हायसेस उघडून एकदा बघाच.

आणि वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवत असाल तर ते फोटो कुठे कुठे जातात ते बघा. एकाच अकाउंटवर दोन फोन आणि टीव्ही चालत असतील तर तुमचं पान दिवाणखान्यात स्क्रीनसेव्हर म्हणून येऊ शकतं.

शनिवारवासी
मंगळवार, सकाळी ११:१०

निळीशाईताई, तुम्हाला हाताने लिहायला आवडतं म्हणता, तर माझा उपाय सांगतो. मी निवृत्तीनंतर मोडी ही मराठीची जुनी लिपी शिकलो आणि तेव्हापासून रोजचं टिपण मोडीत लिहितो. वही जेवणाच्या टेबलावर पडलेली असते. सुना, मुलगे, नातवंडं सगळे बघतात, कोणाला अक्षर लागत नाही.

मोडी शिकायला वाटते तेवढी अवघड नाही. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करायचा नसतो, त्यामुळे वेग येतो. भाषा आपलीच, भावना आपल्याच, फक्त बघणाऱ्याला नुसती वळणं दिसतात. पुण्यात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, याच लिपीत आहेत. १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तिथेही मोडी कागदांचा मोठा साठा आहे. मोडीचे वर्ग शहरात वरचेवर भरतात, मंडळात चौकशी केली की कळतं.

लिपीचं कुलूप जुनंच आहे. लंडनमध्ये सॅम्युअल पेपिस नावाचा आरमाराचा अधिकारी होता. त्याने १६६० ते १६६९ डायरी लिहिली, ती सगळी लघुलिपीत, म्हणजे शॉर्टहँडमध्ये. बायकोपासून लपवण्यासारखा मजकूर आला की त्यात स्पॅनिश, फ्रेंच शब्द मिसळायचा. त्याच्या मागे त्याचा ग्रंथसंग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजकडे गेला. १८१९ मध्ये एका विद्यार्थ्याने ती उलगडायला घेतली आणि तीन वर्षं त्यावर घालवली. त्या लघुलिपीचं पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात फळीवर होतं, पण हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

घरातलं माणूस तीन वर्षं बसत नाही. तेव्हा आपल्याला तेवढं पुरतं.

पेठेतला
मंगळवार, सकाळी ११:२५

काका, पण पुण्यात मोडी वाचणारे बरेच निघतील हो.

शनिवारवासी
मंगळवार, सकाळी ११:५०

निघतील. पण ते निळीशाईंच्या घरात चादरी काढायला येणार नाहीत. आणि एक खरं सांगतो, मोडी लिहिणं सोपं आणि वाचणं कठीण. स्वतःचंच घाईत लिहिलेलं जुनं पान मला कधीकधी दोनदा वाचावं लागतं. ज्यांना मागचं वारंवार चाळायची सवय आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं.

दोन_वेण्या
मंगळवार, दुपारी २:१५

धागा थोडा वळवते, माफ करा. मी दुसऱ्या बाजूला उभी आहे. मुलगी नववीत आहे. गेल्या दिवाळीपासून एका वहीत लिहिते, वहीला खाकी कव्हर, वर "भूगोल". ती क्लासला गेली की वही माझ्यासमोर टेबलावर असते. अजून उघडलेली नाही. पण हल्ली ती बोलत नाही, दार लावून बसते. आई म्हणून मला कळायला नको का? काहीतरी घडून गेल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणायची वेळ आली तर?

रुक्मिणीमावशी
मंगळवार, दुपारी २:४०

जरूर वाचा. आईने वाचायचं नाही तर कोणी? नववीतल्या मुलीचं कसलं खाजगी.

मनमोकळी
मंगळवार, दुपारी ३:३०

मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. दोन_वेण्या, तुम्ही अजून वही उघडली नाही यासाठी मला तुमचं मनापासून कौतुक वाटतं. "भूगोल" लिहिलेली वही रोज समोर असताना ते सोपं नाही.

दार लावणं, कमी बोलणं, हे या वयात होतंच. तेवढ्यावरून वही उघडू नका. पण खाणं-झोप एकदम बिघडली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, अंगावर जखमांच्या खुणा दिसल्या, "मी नसते तर बरं" अशी भाषा आली, तर मात्र थांबू नका. तेव्हासुद्धा पहिलं काम वही उघडणं नाही, तिला सरळ विचारणं हे आहे. "तुला मरून जावंसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात घुसत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात, हे मी कितीदा पाहिलं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, आईवडीलही फोन करू शकतात. आणि जीवाला धोका आहे अशी खात्री वाटून वही वाचावीच लागली, तर नंतर तिला सांगा की वाचली आणि का वाचली. चोरून वाचून मग गोलगोल प्रश्न विचारू नका. मुलांना ते लगेच कळतं.

मुलगी लिहिते आहे हीच चांगली खूण आहे, हेही सांगायचं होतं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एका सहकाऱ्यासोबत प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. लिहिलेलं गुप्त राहील हे आधीच सांगितलेलं. ज्यांनी घटनेसोबत मनातल्या भावनाही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर अशा प्रकारचे प्रयोग पुष्कळ झाले, सगळ्यांचा निकाल सारखा आला नाही, पण लिहिणाऱ्याला "हे कोणापुढे जाणार नाही" असा भरवसा देणं हा त्या पद्धतीचा भागच राहिला. निळीशाई पहिल्या पोस्टमध्ये जे म्हणतात ते हेच आहे. वाचणारा डोक्यात बसला की माणूस घटना लिहितो आणि भावना गाळतो.

नगररोड
मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मनमोकळींच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलं. माझं घर आगाखान पॅलेसपासून जवळ, त्यामुळे तिथला इतिहास वाचत असतो. १९४३ मध्ये गांधीजी तिथे कैदेत असताना कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी त्यांच्या नात्यातल्या मनू गांधींना आणलं, तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या असतील. तिथेच त्यांनी गुजरातीत डायरी लिहायला सुरुवात केली. ती डायरी गांधीजी वाचत आणि खाली "बापू" अशी सही करत. डायरी हा त्यांच्या लेखी शिक्षणाचाच भाग होता, मुलीने आपला दिवस कसा घालवला याचा हिशोब.

त्या डायरीचं मोल मोठं आहे. कस्तुरबांचे शेवटचे महिने, २२ फेब्रुवारी १९४४ ला त्यांचं जाणं, हे सगळं त्या वयाच्या मुलीच्या नजरेतून दुसरीकडे कुठे मिळणार? पण वाचताना मनात सारखं येतं की ही मुलगी जाणून आहे, संध्याकाळी वही कोणाच्या हातात जाणार ते. तिने काय लिहिलं नसेल, हे आता कोणालाच कळायचं नाही.

म्हणून मला वाटतं डायऱ्या दोन जातीच्या असतात आणि दोन्हींना जागा आहे. दाखवायची असेल तर आधीपासून तसं ठरलेलं असावं. वाईट काय होतं, तर माणूस एका जातीची समजून लिहितो आणि ती दुसऱ्या जातीची निघते.

दोन_वेण्या
मंगळवार, रात्री ९:५०

सगळं वाचलं. मनमोकळी, तुमच्या खुणांपैकी एकही नाही, जेवते-झोपते नीट. वही उघडत नाही. आज जेवताना तिला सांगितलं की तुझ्या टेबलाच्या खणाला कुलूप बसवून देते, किल्ली तुझ्याकडे. ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आई, भूगोलाची वही नाहीये ती." म्हटलं, माहीत आहे.

शिवाजीनगरवकील
बुधवार, सकाळी ८:१५

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. कौटुंबिक न्यायालयातली कामं बघतो.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, कलम २१ चा भाग. पण तो वाद मुळात सरकार आणि नागरिक यांच्यातला होता. घरातल्या घरात वही वाचली म्हणून तो निकाल हातात घेऊन उभं राहता येईल असं समजू नका. फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं. कागदी वहीला मात्र घरातला समज हाच मुख्य आधार.

आता महत्त्वाचं. नवरा-बायकोचा वाद कोर्टात गेला तर डायरी तिथे येऊ शकते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४, याचं कलम १४ म्हणतं की वाद सोडवायला उपयोगी वाटेल असा कोणताही दस्तऐवज, एरवी पुराव्याच्या कायद्यात बसो वा न बसो, न्यायालय विचारात घेऊ शकतं. "माझ्या कपाटातून न विचारता उचलली" एवढ्यावर ती बाजूला पडेल याची खात्री नाही. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं नकळत केलेलं फोन रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या कामात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. "गुदमरायला होतं" या एका ओळीचा अर्थ समोरचा वकील काय लावेल, याचा विचार करा.

याला उलटी बाजूही आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. घरात मारहाण, छळ, पैशांची मागणी होत असेल तर त्या बाईने जरूर लिहावं, तारीख-वेळ घालून, काय घडलं तेवढंच, त्या त्या दिवशी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करताना असं टिपण फार उपयोगी पडतं. मात्र ती वही त्या घरात ठेवू नये. माहेरी, मैत्रिणीकडे, वकिलाकडे ठेवावी. मनातलं लिहायची वही वेगळी आणि ही वेगळी. महिलांसाठी हेल्पलाइन १८१ आहे.

निळीशाई
बुधवार, सकाळी ९:००

वकीलसाहेब, माझ्या घरात तसलं काही नाही, हे नोंदवून ठेवते. पण शेवटचा परिच्छेद ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचावा असं फार वाटतं. मावशी, "बोलून मोकळं व्हावं" हे ज्या घरात शक्यच नसतं तिथल्या बायकांचाही विचार करायला हवा.

रुक्मिणीमावशी
बुधवार, सकाळी १०:३०

हे मात्र खरं. तसं घर मी बघितलं आहे. त्या पोरीने लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. यावर अजून काही लिहीत नाही.

कागदवाला
बुधवार, दुपारी १२:४०

ठेवण्याबद्दल सगळे बोलले, टाकण्याबद्दल कोणी नाही. माझा छपाईचा व्यवसाय आहे, कागदाशी रोजचा संबंध.

जुन्या डायऱ्या रद्दीत देऊ नका, वह्यांच्या गठ्ठ्यात घालूनसुद्धा नको. रद्दीतली वही पान पान सुटी होऊन कुठल्या पुडीला लागेल सांगता येत नाही. पेठांमधल्या भेळेच्या गाड्यांवर मी मुलांच्या उत्तरपत्रिका, कोणाकोणाची पत्रं वाचली आहेत. फाडून टाकायचं तर आडवं-उभं दोन्हीकडून फाडा. त्याहून चांगलं म्हणजे तुकडे बादलीत रात्रभर भिजत घाला आणि सकाळी हाताने कुस्करून लगदा करा. शाईच्या पेनाचं अक्षर पाण्यात बरंचसं निघून जातं. बॉलपेनचं टिकतं, म्हणून लगदा नीट व्हायला हवा.

बॉलपेनबद्दल अजून एक. दाबून लिहायची सवय असेल तर खालच्या दोन-तीन पानांवर अक्षर उमटतं. वरचं पान फाडून टाकलं तरी खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल आडवी धरून हलकी फिरवली की ओळी पांढऱ्या उठून दिसतात. राग आलेला असताना लिहिलेलं तर जास्तच उमटतं. एकतर पानाखाली जाड पुठ्ठा ठेवा किंवा शाईचं पेन वापरा, त्याला दाब लागत नाही.

कॉटबेसिस
बुधवार, दुपारी १:०५

पेन्सिलची गोष्ट आत्ता करून बघितली, अभ्यासिकेतल्या कच्च्या वहीवर. स्पष्ट दिसतं. बापरे.

बाणेरकर
बुधवार, दुपारी २:००

टाकण्यावरून डिजिटलचंही सांगतो, कारण आपल्यामागे काय हा प्रश्न तिथेही आहे. गुगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. अकाउंट ३ ते १८ महिन्यांत जी मुदत ठरवाल तितका काळ पडून राहिलं तर ते आपोआप पुसून टाक, किंवा अमुक व्यक्तीला अमुकच दे, असं आधी सांगून ठेवता येतं. ॲपलमध्ये लेगसी काँटॅक्ट नेमला तर त्या माणसाला मागे राहिलेला बराच डेटा मिळतो, त्यात नोट्सही येतात. म्हणून सोयीचा नातेवाईक नेमण्याआधी त्याने आपल्या नोट्स वाचलेल्या चालतील का, हा विचार करा.

शनिवारवासी
बुधवार, दुपारी ४:३०

मी तर इच्छापत्रासोबतच्या कागदात लिहून ठेवलं आहे की अमुक कपाटातल्या मोडी वह्या न वाचता नष्ट कराव्यात. मुलाला तोंडीही सांगितलं. तो म्हणाला, बाबा, एखादी तरी ठेवू द्या. त्यावर आमचं बोलणं चालू आहे. एखादी त्याच्यासाठी म्हणून वेगळी लिहावी असं आता मनात आहे, नगररोड यांनी म्हटलं तशी, दाखवायच्या जातीची.

निळीशाई
बुधवार, रात्री १०:२०

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी काय ठरवलं ते सांगते.

नणंदेला आज फोन केला. आधी ती वरमली, मग तिने जे विचारलं ते ऐकून मी थांबले. म्हणाली, "वहिनी, मी पुढचं पान पण वाचलं होतं, त्यात तू माझ्याबद्दल चांगलं लिहिलंयस. ते का नाही सांगितलंस कधी?" तिच्याशी खूप वेळ बोलले. चांगलं लिहिलेलं आपणहून सांगेन असं कबूल केलं. पण वाईट असो की चांगलं, वही माझी आहे आणि ती पुन्हा उघडायची नाही, हेही शांतपणे सांगितलं. ती हो म्हणाली. सासूबाईंशी अजून बोलायचं आहे, त्यांना पाठ करून बोललेलं आवडत नाही, तेव्हा दुपारच्या चहाला सहज काढीन.

पेटी घेत नाही. रुक्मिणीमावशींचं एक पटलं, आमच्या घरात कुलूप दिसलं की त्यावर आठवडाभर चर्चा होईल. फोनवरही नको, माझ्या फोनमध्ये मुलाचं बोट आहे आणि ते काढलं तर तो कारण विचारणार.

मोडी शिकते. शाईचं पेन आहेच. शनिवारवासी काका, वर्ग सुरू होईपर्यंत घरी काही सुरुवात करता येईल का? आणि एखाद्या ओळीत काही अक्षरं मोडी, काही देवनागरी असं चालतं का सुरुवातीला?

शनिवारवासी
बुधवार, रात्री १०:५५

मिसळ करू नका. देवनागरीतले चार शब्द दिसले की बाकीचं वाक्य कोणीही अंदाजाने लावतं. "आई", "भाजी" आणि "कंटाळा" एवढं वाचता आलं की झालं.

एकरेघी वही घ्या, अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळेल. पहिले आठ-दहा दिवस फक्त मुळाक्षरं आणि बाराखडी, रोज एक पान, शिरोरेषा आधी ओढून. मग जुन्या वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद मोडीत उतरवा. मनातलं लगेच लिहू नका, कारण अक्षर आठवण्यात लक्ष गेलं की मनातलं निसटतं. हात बसला की आपोआप सुरू होईल. तोवर देवनागरीत लिहा आणि कागदवाल्यांनी सांगितलं तसं बादलीत घाला.

तक्ता हवा असेल तर कळवा, माझ्या हातचा स्कॅन करून इथेच टाकतो.

कॉटबेसिस
बुधवार, रात्री ११:१०

काका, तक्ता टाकाच. मलाही हवा आहे.